बापूचे जपानी पाहुणे

बापू माने गेला, ही बातमी मी एमआयडीसीच्या चौकात सांगितली तेव्हा टपरीवरच्या चौघांनी मला हसून टाळी दिली. एक जण म्हणाला, "आण्णा, सकाळी सकाळीच? जरा दमानं घे की." त्यांचा दोष नाही. या चौकात मी आजवर इतक्या थापा मारल्यात, की एकावर एक रचल्या तर साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला बुटका दिसेल. त्या दिवशी मात्र मी खरं बोलत होतो, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि लोक म्हणत होते, "काय नाटक करतोय गडी!" शेवटी आम्हा दोघांचा दोस्त सुभेदार आला. त्याने 'खरं आहे' म्हणून मान हलवली. मग एकेकाने चहाचा ग्लास खाली ठेवला...

आता दीड महिना झाला. बापू सकाळी अंघोळ करून दाढीला बसला आणि साबण लावलेल्या गालानेच गेला. चौऱ्याहत्तर वर्षांचा होता.

आम्ही दोघं एकाच कारखान्यातले. तो लेथ मशीनवरचा टर्नर, मी स्टोअरकीपर. कारखाना जोरात होता तेव्हा जेवणाचा भोंगा वाजला की किल्ल्यावरची माकडंसुद्धा डबे सोडून बसायची. बापूचा हात असा, की केसाएवढा फरक तो अंगठ्याच्या नखाने सांगायचा. मी तर पाहुण्यांना सांगायचो, यानं एकदा डासाच्या सोंडेला आटे पाडले आणि डास स्क्रूसारखा फिरत भिंतीत गेला. पाहुणे बापूकडे बघायचे. बापू गंभीरपणे म्हणायचा, "डास न्हवता. चिलट हुतं." असा जोडीदार मिळायला भाग्य लागतं.

कारखाना बंद पडला. निम्मे लोक लोणंदला गेले, निम्मे चाकणला, आणि उरलेले टपरीवर. बापूने मात्र लिलावात आपलाच लेथ उचलला, ज्यावर बावीस वर्षं उभा राहिला तोच, आणि कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून एक पत्र्याची शेड घेतली. पंपाचे शाफ्ट, उसाच्या ट्रॉलीच्या चाकातले बुश, जे येईल ते करायचा. पुढे पुढे तेही कमी झालं. पण सकाळी सात म्हणजे सात, शेडचं शटर वर.

दुपारी तिथे आमची संसद भरायची. सुभेदार मूळचा कडेगावकडचा, ऊसवाला, फौजेतून आल्यावर साताऱ्यात घर बांधलेला. त्याचं मत ठरलेलं. "हे गाव रिटायर झालंय, बापू. महाबळेश्वरच्या गाड्या हितं फकस्त लघवीला थांबत्यात."

"थांबत्यात तर खऱ्या!" बापू म्हणायचा. "आन् थांबल्यावर एखादीचा बुश गेल्याला दिसला, की कुणाकडं येत्यात रं?"

"वर्साला एक!"

"यीना का. आली तवा मी हितं पायजे का नको?"

शेडच्या मागेच बापूचं घर. शालनवहिनी चहा घेऊन आल्या की तिसरंच मत मांडायच्या. "कारखान्याची भट्टी बंद पडली तवापास्नं माज्या कुरडया पांढऱ्या निघत्यात. आदी वाळत घातल्या की सांजच्याला कोळशावानी व्हायच्या. मला इचाराल तर लय बरं झालं." मी दोन्ही बाजूंनी भांडायचो. मला निकालाशी देणंघेणं नव्हतं, मला ऐकणारे कान हवे होते.

आमच्याकडे एक रीत पडली होती. खंडेनवमीला आम्ही जुने कामगार बंद कारखान्याच्या फाटकाशी जमायचो आणि आत जाता येत नाही म्हणून फाटकाच्या कुलपालाच हळदकुंकू वाहायचो, झेंडूची माळ घालायचो. मग बापूच्या लेथची पूजा. काही वर्षांपूर्वी अशाच खंडेनवमीला बापू कुलपाला गंध लावता लावता म्हणाला, "ही शेवटची. दिवाळीनंतर पोराकडं, सुनीलकडं चाकणला. डॉक्टर जवळ हायत म्हणतोय. हिचं गुडघं, माजी छाती..."

सुभेदार माझ्या थापांवर चिडतो, बाकीचे हसतात, पण त्या उचलून पुढे नेणारा हा एकच होता. आणि विचार करायच्या आत माझं तोंड उघडलं. "जा की. पण मग जपान्यांना काय सांगू?"

"कुठलं जपानी?"

मग काय! कारखाना बघायला जपानहून माणसं येणार आहेत, मला आतल्या गोटातून कळलंय, मशिनं चालवायला त्यांना जुन्या हाताचा माणूस हवाय, संगणकवाला नकोय... इतकं सांगितलं, की मलाही खरं वाटायला लागलं. बापू ऐकत राहिला. त्याच रात्री त्याने सुनीलला फोनवर सांगितलं, "येत न्हाई. जपानी येनार हायत."

झालं! तिथून माझ्या छातीवर धोंडा. बापू आता दर गुरुवारी लेथ रॉकेलने धुऊन पुसायचा, तेल द्यायचा आणि मला विचारायचा, "आण्णा, जपानी काय म्हंत्यात?" मी म्हणायचो, व्हिसाचं अडलंय. त्यांच्याकडे भूकंप झालाय. त्यांच्या साहेबाचं लग्न निघालंय. एकदा मी म्हटलं, ते लोक बिनदुधाचा चहा पितात, बिनकानाच्या छोट्या पेल्यांतून. पुढच्या गुरुवारी बापूने पितळेच्या गजातून तीन पेले कोरून लेथवर मांडून ठेवले होते. आरशासारखे. "पाव्हण्यांची सोय नगं का?" म्हणाला. मला रडू यायचं बाकी राहिलं.

सुभेदार मला बाजूला घेऊन म्हणाला, "आण्णा, मोडून टाक ती थाप. त्याच्या छातीत दुखतंय. पोरापाशी डॉक्टर हाय आन् तू हितं म्हाताऱ्याला जपान दावतोयस." मी दहा वेळा खरं सांगायला गेलो. बापू तोंड वर करून विचारायचा, "काय म्हंत्यात?" आणि मी आणखी एक मजला चढवायचो.

तो गेला तेव्हा, सुभेदार सोडला तर, सगळ्या गावात मला एकट्यालाच कारण माहीत होतं. माझी जीभ. तेराव्याला मी पंगतीत बसलो नाही. महिनाभर त्या रस्त्याने गेलो नाही. वहिनींनीच निरोप धाडला, शेडवर या.

गेलो. शटर वर होतं. मी उभ्या उभ्याच सगळं ओकून टाकलं. जपानी नव्हते, कधीच नव्हते, मीच त्याला अडकवला, नाहीतर आज चाकणला... वहिनींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या.

"आवं भावजी, त्यांना पयल्या दिवशीच ठावं हुतं. त्या सांजंला घरात आलं ते हसतच. म्हणलं, आज आण्णानं लय मोटी सोडली, आन् लय कामाची सोडली."

"कामाची?"

"त्यांचा पाय निगत नव्हता हितनं. पण 'माजं मन न्हाई' म्हणून पोराला कसं सांगावं? पोरगं हिरमुसलं असतं. तुमी आयता जपानी दिला. सुनीलला बी मागनं समदं कळलं, त्यो बी हसला. औषदं सुनील म्हैन्याला धाडत हुता, हितल्या डॉक्टरला दावत हुतो. चाकणला चौथ्या मजल्यावर बसून बसून हे वर्सात गेलं असतं."

"मग दर गुरुवारी मला विचारायचा ते?"

"तुमचा घाम बगायला! घरी येऊन मला सांगायचे, आज भूकंप केला, आज लगीन लावलं. गुरुवारची वाट बगायचे वो."

इतकी वर्षं मी त्याला खेळवतोय असं समजत होतो... आणि तो लेथवर लावलेल्या गजासारखा मला मजेत फिरवत होता. मी स्टुलावर बसलो. छातीवरचा धोंडा असा उतरला, की मला वाटलं आता पत्रा फोडून मी वर जातो. लाजही वाटली, पण हसू तिच्यापेक्षा जास्त आलं.

वहिनी चाकणला जाणार आहेत, पण पावसाळ्यापुरत्याच. खंडेनवमीच्या आधी परत, म्हणाल्या. लेथ विकायचा नाही. शेडची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली आणि आतून किटली आणली. तीन पितळी पेले लेथवर तसेच होते. त्यांनी दोन भरले. काळा, बिनदुधाचा चहा. मी पेला उचलला आणि बोटं अशी पोळली, की तो तसाच खाली ठेवला.

"हे असलं तापल्यालं जपानी कसं धरत असतील वो?" वहिनींनी विचारलं.

"मला काय माहीत?"

"आसं कसं? तुमीच बगितल्यात न्हवं."

मी तिसऱ्या, रिकाम्या पेल्याकडे पाहिलं. घसा खाकरला, स्टूल लेथजवळ ओढलं आणि म्हटलं, "त्याचं असं आहे वहिनी..."