कशातून आलं?

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आता सांगतो, कारण सरांबद्दलचा खोटा समज आमच्या इमारतीत अजून तसाच आहे.

कुणी काही ताजं सांगायला गेलं की सर आधी हात वर करायचे. "काय आलं ते नंतर. कशातून आलं? तोंडून की फोनवरून?" तुमच्याही इमारतीत असा एखादा असेल. तेव्हा वैताग येतो त्याचा.

सर कॉलेजात माध्यमशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं, घरच्या मराठीत निम्मं कन्नड. मी बेळगावचा, नोकरीनिमित्त इथं आलेला. हेब्बाळच्या या इमारतीत ते माझ्या दोन मजले वर राहायचे आणि मी वयानं लहान असूनही मला कन्नड रीतीनं अण्णा म्हणायचे. दर रविवारी खालच्या हॉलमध्ये ते नवीन आलेल्यांना फुकट कन्नड शिकवत. त्या वर्गावर त्यांचा फार जीव.

गणपतीत आम्ही मराठी मंडळींनी त्यांचं भाषण ठेवलं. ते म्हणाले, समोरासमोर बोलताना शब्दाबरोबर चेहरा असतो, ऐकणारा असतो. फोन नेमकं तेच सोलून काढतो आणि उरलेलं पुढं पाठवतो. "समजा, मी विचारलं," असं म्हणून त्यांनी अस्सल कन्नडमध्ये विचारलं, "ई ऊरल्ली कन्नड याके कलीबेकु?" या गावात कन्नड शिकायचं कशाला! कन्नड शिकवणारा माणूस, तेही इतक्या गोड कन्नडमध्ये. सगळा हॉल हसला. "हेच वाक्य फोनवर एकटं गेलं, तर माझं काय होईल?"

मी ते भाषण फोनवर घेत होतो. व्हिडिओ कापायला नुकताच शिकलो होतो आणि त्याचा मला कोण अभिमान! पूर्ण भाषण कोण बघणार, म्हणून हशा पिकला तेवढाच तुकडा काढला. 'समजा' मागं राहिलं. तुकडा मी मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकला. कुणीतरी तो इमारतीच्या ग्रुपवर ढकलला. तिथं त्याच्यावर 'फॉरवर्डेड' एवढंच होतं, माझं नाव नव्हतं.

लोकांना ऐकू आलं ते एवढंच: एक मराठी म्हातारा 'कन्नड कशाला' म्हणतोय आणि मराठी लोक खिदळताहेत.

रविवारचा वर्ग कमिटीनं बंद केला. गेटवरची भाजीवाली अक्का त्यांच्या पिशवीत न मागता कोथिंबीर टाकायची. ती मान फिरवू लागली. सर प्रत्येकाला समजावत राहिले की त्याच्या आधी एक वाक्य होतं. ते वाक्य माझ्या खिशात होतं. पूर्ण व्हिडिओ टाकला असता तर सगळं मिटलं असतं. पण मग कापला कुणी, हेही निघालं असतं. मी तो टाकला नाही. उलट लिफ्टमध्ये त्यांना म्हणालो, "लोक हल्ली काहीही पसरवतात."

"लोक नाही अण्णा," ते म्हणाले. "आपल्या हातात काय आहे, ते आपल्याला कळलेलं नाही."

तुकडा कुणी कापला, हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. याचाच राग येतो. विचारायला हवं होतं.

एका दुपारी मी त्यांना मेसेज लिहायला बसलो. लिहायचं, पुसायचं. पुन्हा लिहायचं. तेवढ्यात त्यांचाच मेसेज आला: "अण्णा, केव्हाचं टायपिंग दिसतंय. स्वल्प, जरा वर या. कॉफी ठेवतो."

मी फोन उपडा ठेवला.

पुढं ते मुलीकडे म्हैसूरला गेले आणि तिथंच वारले. बातमी त्याच ग्रुपवर आली. खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. एक माझंही होतं.

आज पूर्ण व्हिडिओ ग्रुपवर टाकला, माझ्या नावानं. निम्म्यांनी उघडलाही नाही. फार लांब आहे म्हणे.

त्या दुपारी दोन मजले चढून, त्यांच्या समोर बसून म्हणायचं होतं ते एवढंच: सर, तो तुकडा मी कापला. मला क्षमा करा.