कोकोवाळां बा

कांदा-लसूणसुद्धा घरात न आणणाऱ्या आमच्या शेजारच्या काकू रोज सकाळी गॅलरीत बसून माशाच्या तेलाची कॅप्सूल टाचणीने फोडत. नाकाला पदर, तोंड भिंतीकडे, आणि तेलाचा थेंब मात्र नेमका त्यांच्या कुत्र्याच्या, कोकोच्या भातावर. मला हसू आलं की म्हणत, "तेल त्याच्या पोटात जाते ना, माझ्या नाही."

सुरतेच्या गोडादरा भागातल्या आमच्या बिल्डिंगमधली गुजराती मुलं त्यांना 'कोकोवाळां बा', म्हणजे कोकोवाल्या आजी, म्हणत. काकांच्या बँकेतल्या नोकरीमुळे त्या अकोल्याहून सुरतेला आल्या होत्या. पुढे काका गेले, मुलगा कॅनडाला गेला, आणि त्याने हौसेने आणलेला लॅब्रॅडॉर कोको त्यांच्याकडे राहिला. "तिकडे मोठं घर मिळालं की याला नेतो," असं मुलगा निघताना म्हणाला होता.

तो गेल्यावर कोको पंजे चाटू लागला. पाठीवरचे केस झडले, पोट सारखं बिघडू लागलं. काकूंना घोर वेगळाच. "उद्या पोरगा आला अन् याले असा पाहिला, तर काय म्हणन? आईनं नीट ठेवला नाही."

आधी त्यांनी आपल्या माहेरच्या रिवाजाने जवस भाजून, कुटून भातात घातला. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, कुत्र्याच्या अंगाला जवस फारसा लागत नाही, माशाचंच तेल द्या. त्या दिवशी काकू जेवल्या नाहीत. मग स्वतः जाऊन डबी घेऊन आल्या. सोबत पोटासाठी चांगल्या जंतूंची पावडर, आणि उकडलेला लाल भोपळा. जिन्यात भेटल्या की बाकी काही न बोलता एवढंच सांगत, "आज शी बांधून झाली बरं." हळूहळू मलाही त्या बातमीने बरं वाटू लागलं.

पण तेलाचा वास खाली जाई, आणि खालचे शेजारी जैन. सोसायटीचे रमेशभाई एकदा वर आले. भला माणूस, त्यांनाच बोलायला जड जात होतं. "बा, माछलीनी वास आवे छे. लोको बोले छे." काकू शरमेने लाल झाल्या. त्यानंतर त्या ताटली झाकून पार्किंगच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांपाशी कोकोला भरवू लागल्या. लिफ्ट बंद असली तरी, गुडघे धरून जिन्याने.

मध्ये कोकोच्या पाठीवर बारीक लव आली. काकूंनी माझ्याकडून फोटो काढून घेतला आणि मुलाला पाठवला. उत्तरादाखल नुसता एक अंगठा आला. तो अंगठा मला दाखवत त्या म्हणाल्या, "पाहिला त्यानं."

लव टिकली नाही. कोको वाळत गेला. तपासणीत आतड्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी नीट समजावलं, तेल-पावडर ही नुसती जोड असते, रोगावरचं औषध नव्हे. आता त्यानं काही होणार नाही. काकूंनी मान हलवली, आणि परत येताना तेलाची नवी डबी घेतली. रिक्षात मी त्या डबीकडे पाहिलं. त्याच म्हणाल्या, "बंद केलं तर मी सकाळी उठून करू काय?"

शेवटी शेवटी कोको ताटलीकडे पाहून मान फिरवी. काकू बोट तेलात बुडवून त्याच्या तोंडाशी धरून बसत. नाकावरच्या पदराचं भान त्यांना उरलं नव्हतं. कोको कधी चाटे, बहुधा नाही.

एका दुपारी तो फरशीवर पडल्या पडल्याच गेला. मुलाला फोन लावून द्यायला मी तिथे होतो. फोन स्पीकरवर होता.

"बरं झालं आई, सुटलीस एकदाची," मुलगा म्हणाला.

"हो," काकू म्हणाल्या. मग त्याने तिकडच्या थंडीचं सांगितलं, त्यांनी ऐकलं. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "दुखत होतं का त्याले, हेही नाही विचारलं रे."

पुढे मुलाच्या सांगण्यावरून फ्लॅट विकला आणि काकू अकोल्याला बहिणीकडे राहायला निघाल्या. सामान टेम्पोत चढत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "काकू, तिकडे एखादं पिल्लू पाळा. सोबत होईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नव्हत्या, फक्त थकलेल्या होत्या.

"नाही रे बाबा," त्या म्हणाल्या. "आता कोणाची वाट पाहणं होत नाही माझ्याच्यानं."