कविता सोड, मुक्ते

मित्रहो, घरी आल्या आल्या लिहायला बसलोय.

आज उस्मानपुऱ्यात माझ्या नातीची, मुक्ताची, बॉक्सिंगची फायनल होती. गट हेवीवेटचा. समोर गेल्या वर्षीची विजेती, फुलंब्रीची. तिची कला उपजत आहे म्हणतात. आमची मुक्ता मेहनतीची. रोज पहाटे गच्चीवर मी शाळेतल्या कविता म्हणतो, त्या तालावर ती पाय टाकते आणि ओळ संपली की ठोसा मारते. रिंगमध्येही तीच कविता मनात म्हणत खेळते.

दुसऱ्या फेरीत तिचं नाक फुटलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आमची ओळ कुठं संपते ते समोरचीला कळलंय. ठोसा निघायच्या आधीच ती बाजूला होत होती.

शेवटच्या फेरीआधी मी रिंगच्या दोरीपाशी गेलो. "मुक्ते, कविता सोड."

"मग काय करू, आबा?"

"मला नाय माहीत."

पाय अजून त्याच तालावर पडत होते, पण ओळ अर्ध्यात असतानाच मुक्ताचा डावा हात सुटला. चॅम्पियन खाली बसली, ती पंचांनी दहा मोजेपर्यंत उठलीच नाही.

रिक्षात नाकाला बर्फ धरून मुक्ता म्हणाली, "आबा, हा ठोसा तर आपण कधी घोकलाच नव्हता."

मग तो आला कुठून? मेहनतीतून, की आधीपासूनच तिच्यात होता? तुम्हाला काय वाटतं?