जगदीशराव नदीकाठी बसतात

आमच्या बिल्डिंगमध्ये येऊन तीनच दिवस झाले होते, तेवढ्यात जगदीशरावांनी तिन्ही मजल्यांचं पाणी बंद केलं. मागच्या हिरवळीवर फवारा चालू होता, आसपास माणूस नाही, आणि पाणी नुसतं वाहून चाललेलं. त्यांना ते बघवेना. तळघरात जाऊन त्यांनी चावी शोधली आणि फिरवली. ती निघाली सगळ्या घरांची. माझी बायको नीता तेव्हा डोक्याला शाम्पू लावून उभी होती. बिल्डिंगची देखभाल करणारा हाउसमायस्टर लालबुंद होऊन धावत आला, आणि दुभाषा म्हणून मला मध्ये उभं करण्यात आलं. जगदीशराव अजिबात गडबडले नाहीत. म्हणाले, "चारुभाऊ, त्यांना सांगा, बत्तीस वर्षं हेच काम केलंय."

खरंच केलं होतं. जालन्याकडच्या एका नगरपालिकेत ते व्हॉल्व्हमन होते. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं आणि कधी तोडायचं, हे त्यांच्या हातात. बायको कुंदाबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा केतन इथे न्युरेम्बर्गला इंजिनिअर आहे. त्याने आणि सून हर्षाने यंदा हट्टाने त्यांना तीन महिन्यांच्या व्हिसावर बोलावून घेतलं. तीन महिने स्वस्थ बसायचं या कल्पनेनेच ते हैराण झाले. आठवड्याभरात त्यांनी आमच्या जिन्यातल्या प्रत्येक घराचे नळ तपासले. फ्राउ क्लाइन नावाच्या आमच्या खडूस शेजारणीने त्यांना केकचा तुकडा दिला, जो तिने मला अकरा वर्षांत दिलेला नाही. मला हा माणूस मनापासून आवडतो, आणि त्या केकबद्दल मी त्यांना माफ केलं आहे.

तर झालं असं, की त्यांच्या नातीच्या, दहा वर्षांच्या क्रांतीच्या शाळेत झॉमरफेस्ट होतं, म्हणजे उन्हाळी सुट्टीआधीचं संमेलन. प्रत्येक वर्गाने एकेक प्रसिद्ध चित्र जिवंत करायचं. तसे कपडे घालून, तशाच जागा धरून, पाच मिनिटं न हलता बसायचं. क्रांतीच्या वर्गाला दीडशे वर्षांपूर्वीचं एक फ्रेंच चित्र मिळालं होतं. उन्हाळ्याचा दिवस, नदी, होड्या, छत्र्या घेतलेल्या बायका, आणि पुढे गवतावर कोपर टेकून रेललेला, गवताचीच टोपी घातलेला एक म्हातारा. मला चित्रांतलं काही कळत नाही. जवळून बघितलं तर नुसते रंगाचे फराटे दिसले, पण चार पावलं मागे गेलो तेव्हा पाणी हलायला लागलं, हे मात्र कबूल करतो.

त्या म्हाताऱ्यासाठी माणूस मिळेना. जर्मन आजोबा सगळे फिरायला गेलेले. क्रांतीने बाईंना सांगून टाकलं, माझे आबा बसतील. आणि आबा म्हणाले, "नाही."

एवढंच. कारण नाही, काही नाही. पोरीने दोन दिवस रडून घर डोक्यावर घेतलं. तिचं रडणं जर्मनमध्ये आणि आबांचा नकार मराठीत, त्यामुळे समेट होईना. शेवटी हर्षा माझ्याकडे आली. "दादा, तुम्ही बोलून बघा ना. तुमच्या बोलण्यापुढे माणूस थकून तरी हो म्हणतो."

मी आमचा स्वयंपाकघरातला नळ गळतोय असं सांगून त्यांना बोलावलं. तो खरोखरच गळत होता. ते वायसर बदलत होते तेव्हा मी विषय काढला.

"बघितलं ते चित्र," ते म्हणाले. "एवढं पाणी, आणि एकाच्याही हातात कळशी नाही."

"अहो काका, सुट्टीचा दिवस आहे तो त्यांचा."

"उन्हाळ्यात कसली सुट्टी?"

मग नळाकडे बघतच ते बोलत राहिले. कुंदाबाईंचं माहेर गोदाकाठचं. दर उन्हाळ्यात त्या म्हणायच्या, एक दिवस चला, नदीवर नुसतं बसू. पण उन्हाळ्यात व्हॉल्व्हमनला रजा कुठली? पाणी आठ दिवसांआड यायचं, लोक एकमेकांची डोकी फोडायला उठायचे. "मी म्हणायचो, रिटायर झालो की जाऊ. रिटायर झालो त्या महिन्यात तिचं दुखणं निघालं." त्यांनी पाना खाली ठेवला. "तिला एक दिवस दिला नाही, चारुभाऊ. आणि आता मी इथे नदीवर पाय पसरून बसू? शोभतं का?"

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. मग जे तोंडात आलं ते बोलून गेलो. "काका, काकूंना तुम्ही दर उन्हाळ्यात नाही म्हणालात. आता नातीलाही उन्हाळ्यातच नाही म्हणताय."

त्यांनी नळ दोनदा सोडून बघितला, घट्ट बंद केला, पाना उचलला आणि निघून गेले. रात्रभर मला वाटत राहिलं, की आपण जास्तच बोललो. सकाळी दार वाजलं. जगदीशराव उभे. "ती गवताची टोपी कुठे मिळते हो?"

संमेलनाच्या दिवशी आमच्या गावातल्या पेग्निट्झ नदीच्या काठावर पालकांची ही गर्दी होती. केतनचा पांढरा शर्ट, टोपी, गवतावर टेकलेलं कोपर. जगदीशराव हुबेहूब दिसत होते, फक्त फ्रेंच म्हाताऱ्यापेक्षा बरेच काळजीत. मागे क्रांती पांढऱ्या झग्यात छत्री धरून उभी. बाईंनी खूण केली आणि सगळे स्तब्ध झाले. पहिल्या मिनिटाला जगदीशरावांची बोटं चुळबुळली. आता हे उठणार आणि पोरीचं चित्र मोडणार, या भीतीने मी श्वास रोखून होतो. ते उठले नाहीत. हळूहळू बोटं थांबली, खांदे उतरले, आणि ते नदीकडे बघत राहिले.

पाच मिनिटं संपली. टाळ्या झाल्या, पोरं ओरडत आइस्क्रीमकडे पळाली. जगदीशराव तसेच. क्रांती त्यांच्यापाशी गेली, खांद्याला हलवून म्हणाली, "आबा, फेर्टिश! संपलं! ऊठ ना."

नदीवरची नजर न काढता ते म्हणाले, "माझी पाच मिनिटं झाली, बाळा. आता तुझ्या आजीची."

क्रांतीने एकदा माझ्याकडे बघितलं. मग ती छत्री मिटून त्यांच्याजवळ गवतावर बसली आणि पुन्हा न हलता नदीकडे बघू लागली.