आंब्यावरची आमरी

मी सांगलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो, पण जीव सगळा आमरीत, म्हणजे ऑर्किडमध्ये, अडकलेला. फूल पाहिल्याशिवाय आमरीची जात खात्रीनं सांगता येत नाही, असले या बाईसाहेबांचे नखरे. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, एका श्रावणात, साताऱ्याच्या पश्चिमेला डोंगरात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या आंब्यावर मला एक आमरी दिसली. पानं माझ्या ओळखीची नव्हती, फुलं झडून गेलेली. आसपासची झाडं पालथी घातली, दुसरी काही मिळाली नाही. काढून सांगलीला आणली असती तर तिथल्या उन्हात मेली असती. म्हणून बोट दाखवून म्हाताऱ्याला म्हटलं, "बाबा, तेवढं राखा. उन्हाळ्यात फूल बघायला येतो."

"राखतो की. त्यात काय," तो म्हणाला.

तिकडं झाडावर उगवेल त्या सगळ्यालाच बांडगूळ म्हणतात, आणि पावसाळ्याआधी कोयता घेऊन झाड साफ करतात.

वैशाखात कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून काळाठिक्कर होऊन मी पोचलो. आंब्याच्या फांद्या स्वच्छ तासलेल्या. आमरीच्या जागेशेजारी मात्र खरंखुरं बांडगूळ नारिंगी फुलांनी लगडलं होतं आणि त्याच्याभोवती बोरीच्या काट्या बांधल्या होत्या.

"तुमचं बांडगूळ राखलंय, मास्तर," म्हातारा म्हणाला. "एक वाळून कोळ झालं हुतं, त्ये काढून टाकलं. ह्ये हिरवं ठेवलं. आंबा लय खातंय. औंदा ह्या फांदीला कैरी धरली न्हाई. पर तुमी सांगितलं हुतं."

काही आमऱ्या उन्हाळ्यात पानं गाळतात आणि मेल्यासारख्या दिसणाऱ्या काड्यांवरच फुलतात. ही त्यातलीच निघाली. उकिरड्यावर सापडली. एका काडीच्या टोकाला कळी होती, करपलेली. चिमटीत धरली तर तिचा भुगा झाला. रागवायचं तरी कुणावर?

"ह्येच न्हवं?" त्यानं विचारलं.

"हेच," मी म्हणालो.

तो स्वतः झाडावर चढला, बांडगुळाची फुलं तोडून घेऊन आला. मी ती त्याच्यादेखत कागदात नीट दाबून बांधली. तो समाधानानं बघत राहिला.

"पुढल्या साली बी या," तो म्हणाला. "कोयता लागू द्यायचा न्हाई ह्येला."

आंब्याला गिळत चाललेलं ते बांडगूळ आता तरी तोडा, एवढंसुद्धा मला त्याला सांगता आलं नाही.