पायलट आणि त्यांचं न उघडलेलं विमान

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला मी पायलट म्हणते. मागेच नव्हे, तोंडावरही म्हणते. त्यांना वाटतं कौतुकानं म्हणते. वाटू दे बापडं. माणूस चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो आणि जन्मात कधी विमानात बसलेला नाही. प्रवासाचं नाव काढलं की यांचे कान दुखतात.

पण एका बड्या विमान कंपनीवर जीव. एकाच, बरं का! दुसऱ्या कंपनीचं विमान डोक्यावरून गेलं तर मान वर करणार नाहीत, जसा काही सवतीचा पोरगा चाललाय.

घरातली मोठ्या खिडकीची, उजेडाची खोली या कंपनीला बहाल. पत्र्याची विमानं, चावीची विमानं, सामान ओढायच्या इवल्याशा गाड्या. कंपनीच्या इतिहासाची जाडजूड पुस्तकं, त्यात पहिल्या पानापासून सगळे दात काढून हसतायत; कुणाची बॅग हरवत नाही, कुणाला उलटी होत नाही. एक तर लहान पोरांचं पुस्तक, त्यातल्या विमानाला पापण्या आहेत! पन्नाशी उलटलेला माणूस ते छातीशी धरून वाचतो.

एकदा मला सिनेमा दाखवायला बसवलं. विमानतळाच्या बाकावर नायिका शेवटचे श्वास घेतेय, मी पदर डोळ्याला लावलाय, तर यांनी सिनेमाच थांबवला.

"ताई, मागे बघा, मागे! शेपटीवरचा जुना पट्टा!"

"भावोजी, ती बाई मरतेय."

"मरू द्या हो. हा पट्टा पुढं बदलला."

आणि माझी बहीण? ती शिवणकाम करते, स्वयंपाकघरात, गॅसला पाठ लावून. यंदा तिच्याकडे शाळेच्या गणवेशांचं मोठं काम चालून आलं. शाळेच्या बाई जागा बघायला येणार होत्या. पांढऱ्या सदऱ्यावर फोडणीचा एक शिंतोडा उडाला की काम हातचं गेलं. म्हणून तिनं खोली मागितली.

"हलवाहलवीत पंख मोडतात गं," पायलट म्हणाले.

"माझी कंबर मोडते त्याचं काय?"

"कंबरेला मलम मिळतं."

मी मध्ये बसले होते म्हणून त्या दिवशी पायलट शाबूत राहिले.

पुढच्याच रविवारी यांच्यासारखाच दुसरा एक शहाणा आला, विमानं जमवणारा. हातात पांढरे मोजे घालून! पायलटनी कपाटातून देव काढावा तसं एक खोकं काढलं. कंपनीच्या सगळ्यात मोठ्या विमानाचं खेळणं, लग्नाआधी घेतलेलं, आजवर न उघडलेलं. या लोकांत रीतच आहे तशी. खोकं उघडलं की खेळणं मेलं. खेळायचं नाही, बघायचं नाही, नुसतं आहे म्हणायचं.

मोजेवाल्यानं खोकं कानाशी धरून हळूच कलतं केलं. आत काहीतरी गडगडलं.

"चाक निखळलंय," तो म्हणाला. "किंवा विमानच नाही आत. हल्ली खोक्यात दगड भरून विकतात."

पायलटचा चेहरा पडला. बहीण दारातच उभी होती. ती आत गेली आणि कापड कापायची मोठी कात्री घेऊन आली.

"म्हणजे आत काय आहे हे तुम्हालाही ठाऊक नाही? आणि त्याच्यापायी मी गॅसपाशी घाम गाळतेय? घ्या, उघडा. आत धडधाकट विमान निघालं तर खोलीचं नाव काढणार नाही. ताई साक्षीला आहे."

"आणि नाही उघडलं तर?"

"तर खोली माझी."

पायलटनी कात्री घेतली. चिकटपट्टीवर टेकवली. मोजेवाल्यानं तर डोळेच मिटून घेतले. मी मात्र पुढं सरकले, फुकटचा तमाशा कोण सोडतं? पायलटच्या कपाळावर घाम आला आणि त्यांनी कात्री खाली ठेवली.

"खोली घे," म्हणाले.

बघा, बायकोच्या कंबरेसाठी जे सुटलं नाही ते बंद खोक्यासाठी सुटलं! संध्याकाळपर्यंत विमानं पलंगाखाली, माळ्यावर, एक तर शिडीसकट न्हाणीघराच्या फळीवर उतरलं. मशीन खिडकीत आलं. शाळेच्या बाई आल्या, जागा बघून खूश झाल्या, काम मिळालं.

खोकं तेवढं कुठं मावेना. माळ्यावर ओल, पलंगाखाली झुरळं. पायलट गरीब तोंड करून बायकोकडे गेले. खोलीत फक्त एक फळी दे म्हणाले. दिली तिनं, पण फुकट नाही. आता दुकानातून आले की सदऱ्यांना बटणं लावत बसतात, खोक्याकडे तोंड करून.

परवा मी त्यांच्याकडे गेले तेव्हा मुद्दाम विचारलं, "काय पायलट, आत दगड की विमान?"

"विमानच आहे, ताई. चाकंसुद्धा जागच्या जागी आहेत."

"उघडलंत की काय?"

"छे! न उघडताच कळतं."

बहिणीनं मशीनवरून मान वर केली नाही. "दोरा घट्ट ओढा," म्हणाली.