गोदूबाईचं पहिलं ताट

सुकापुरात लग्न ठरलं की हॉलच्या आधी गोदूबाईची तारीख बघतात. गोदूबाई धवलारीण, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून धवले गाऊन सगळे विधी पार पाडणारी बाई. तीस वर्षांत तिनं एक ओळ कागदावर उतरवली नाही, सगळं तोंडपाठ. ती उभी राहिली की डीजेवाला आपणहून आवाज बंद करी. देहही आवाजाला शोभेल असाच होता. एकशे अठरा किलो.

त्यात तिचा एकटीचा दोष नव्हता. हळदीच्या घरी पहिलं ताट धवलारणीचं. तिनं घास मोडल्याशिवाय पंगत बसत नाही. वडे, मटण, वर तांदळाची भाकरी, आणि नको म्हटलं की घरधनीण हिरमुसलीच. गोदूबाईनं जन्मात कुणाला हिरमुसू दिलं नाही.

शेवटी गुडघ्यांनी संप पुकारला, साखर वाढली, आणि मुलगा निकेश आईला पोटाच्या ऑपरेशनसाठी डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तासभर बसवून समजावलं. पोटाची पिशवी लहान करणार. टाके गळण्याचा, रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा असला तरी आहे. पहिली दीड-दोन वर्षं वजन झपाट्यानं उतरेल, नंतर काही किलो परत येतात. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि रक्ताची तपासणी मात्र जन्मभर. एवढ्या सगळ्यातून गोदूबाईनं 'वजन उतरेल' तेवढं घरी आणलं.

आणि उतरलंच की! केस मूठमूठ गळले तेव्हा ती रडली, पण दीड वर्षात काटा अठ्ठ्याहत्तरवर आला. रोडपालीला बहिणीकडे ती तीन जिने चढून गेली. वर पोचल्यावर ते खालच्या मजल्यावरच्या बाईला सांगायला परत उतरली, हा भाग निकेश अजून सांगतो.

घोळ झाला तो हळदीच्या घरांत. दोन घासांत पोट गच्च व्हायचं आणि घरधनीण विचारायची, "काय गो आये, आमचं जेवान कडू लागलं काय?" मग गोदूबाईनं शक्कल काढली. ताटाला हात लावायचा आणि वर थंड्याची गोड बाटली मागून घ्यायची. पिणं म्हणजे काय खाणं नव्हे. लग्नसराईत दिवसाला तीन घरं, तीन बाटल्या. गोळ्यांचंही तसंच. गोळ्या आजाऱ्यानं घ्यायच्या, आणि ती तर जिने चढत होती.

चौथ्या वर्षी काटा ब्याण्णववर गेला. तळपायाला मुंग्या येऊ लागल्या. आणि कोन गावी काशिराम पाटलांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात, भर मांडवात, धवल्याची पुढची ओळ आलीच नाही.

बायका वाट बघत राहिल्या. धवलारणीच्या आधी तोंड कोण उघडणार? गोदूबाईनं खोकल्याचं निमित्त केलं, पाणी मागितलं, ती ओळ सोडून पुढं गेली. कुणाला काही कळलं नाही, पण घरी येऊन ती पलंगावर बसून राहिली. पोट कापताना माझी गाणी पण कापली, असं तिच्या मनानं घेतलं. त्यानंतर दोन सुपाऱ्या तिनं घसा बसल्याचं सांगून परत पाठवल्या.

सून रंजिताला पिठाच्या डब्यामागे गोळ्यांच्या न फोडलेल्या पाकिटांची चळत सापडली. ती ओरडली नाही. पाकिटं सासूच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "आये, खरं सांगा." तेव्हा गोदूबाई लहान पोरीसारखी रडली. "रंजे, मना धवलं आठवत नाय गो."

रक्त तपासलं तर बी-ट्वेल्व जीवनसत्त्व तळाला गेलेलं, मुंग्या आणि विसर त्याचाच. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. बरंचसं परत येईल, सगळं येईलच असं सांगता येत नाही, म्हणाले. "आणि वजन? ऑपरेशन फुकट गेलं ना?" तिनं विचारलं. "साखर ताब्यात आहे, गुडघे चालतायत, सव्वीस किलो अजून कमीच आहेत. फुकट कसं? फक्त ऑपरेशनवर सगळं टाकून चालत नाही. बाटली बंद."

सहा महिन्यांनी काशिरामच्या धाकट्या मुलीची सुपारी आली. नेमकं तेच घर. गोदूबाईनं दोन दिवस होकार लांबवला, मग गेली. हळदीला पहिलं ताट आलं तेव्हा तिनं घरधनीण चिंधीचा हात धरला. "बाय, माझं पोट वाटीएवढं हाय. रागवू नको. आनि दुसरं सांगते. मागच्या टायमाला मी तुज्या मांडवात धवला इसरली. आज परत इसरली, तर तुमी सांभाला." एवढं बोलायला तिला चार वर्षं लागली होती.

चिंधी ताट घेऊन आत गेली आणि वाटीत एक वडा, मटणाच्या दोन फोडी घेऊन आली. गोदूबाईनं घास मोडला, पंगत बसली.

लग्नाच्या दिवशी आवाज छान लागला. ती ओळ जवळ आली, आणि गोदूबाईला ती पुन्हा आठवेना. या वेळी ती खोकली नाही. नुसती थांबली.

मग चिंधीनं ओळ उचलली. तिच्या मागं तिची जाऊ, मग ओटीवरच्या म्हाताऱ्या, मग सगळा मांडव. त्यांतल्या निम्म्याअधिक बायकांची लग्नं गोदूबाईनंच लावली होती. अंगाला हळद लावून, खाली मान घालून, त्यांनी ती ओळ तिच्याच तोंडून ऐकली होती.

गोदूबाईनं डोळे पुसले आणि त्यांच्या मागून म्हणू लागली.